जुनी औजारे आणि मोबाईलवरचा बाजार

(तालुका पातळीवरील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पिकांच्या लागवडीवर बोलणारा माणूस आज जुन्या वस्तूंच्या विक्रीवर बोलायला उभा राहिला आहे, याचे आपणांस नवल वाटेल. कारण सांगतो. पीक पाहणीसाठी शिवारात फिरताना बहुतेक आखाड्यांवर एकच देखावा दिसतो. लिंबाखाली गंजत पडलेला रोटाव्हेटर, फण वाकलेले पेरणी यंत्र, उन्हापावसात पडलेली ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि कोपऱ्यात एखादी बंद मोटार. विचारावे तर उत्तर ठरलेले असते, "राहू द्या साहेब, कधीतरी लागेल." ते कधीतरी बहुधा येत नाही. येतो तो भंगारवाला, आणि हजारोंचे औजार किलोच्या भावाने जाते.

आमच्या घरीही हेच होते. वडिलांनी २०१६ साली घेतलेला पाच फुटी रोटाव्हेटर, ट्रॅक्टर विकल्यानंतर तीन पावसाळे अंगणात पडून होता. भंगारवाल्याने त्याचे तेरा हजार सांगितले. मी म्हटले, मोबाईलवर जाहिरात देऊन पाहू. वडिलांना ते रुचले नाही. "घरातली वस्तू चव्हाट्यावर मांडायची? लोक म्हणतील, ह्यांचं आता आटोपलं." हा विचार एकट्या माझ्या वडिलांचा नाही. औजार विकायला काढले म्हणजे घराला कर्ज झाले, अशी कुजबूज गावात होते आणि त्या भीतीपोटी माणूस औजार गंजू देतो, पण विकत नाही. वास्तविक पीकपद्धती बदलली, ट्रॅक्टर लहान घेतला किंवा भावाभावांची वाटणी झाली, तर जुने औजार निकामी होणे साहजिक आहे. बैलबाजारात आपले आजोबा उघडपणे बैल विकायला नेतच होते की!

त्या बैलबाजाराची आठवण मुद्दाम काढली. तेथे बैल सर्वांसमोर उभा असे. दात मोजता येत, चाल पाहता येई. झाकलेला असे तो भाव. रुमालाखाली हातात हात घालून बोटांवर सौदा ठरे. मोबाईलवरच्या बाजारात नेमके उलटे आहे. भाव साऱ्या जिल्ह्याला दिसतो आणि वस्तू मात्र झाकलेली राहते. घेणाऱ्याला दिसतात ते दोन-चार फोटो. त्यामुळे वस्तू उघडी करून दाखविण्याचे काम विकणाऱ्यालाच करावे लागते. ते ज्याने नीट केले त्याचा माल जातो, असा माझा अनुभव आहे.

ओएलएक्स, फेसबुकवरील मार्केटप्लेस, जुन्या ट्रॅक्टरांसाठीच्या खास वेबसाईट आणि गावोगावचे व्हॉट्सॲप गट ही या बाजाराची ठिकाणे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहेत. नसल्यास घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला विचारावे. कोठे जाहिरात द्यावी यापेक्षा किती दूरच्या गिऱ्हाइकाला द्यावी, हा प्रश्न मोठा आहे. शेती औजारांसाठी तीस-चाळीस किलोमीटरच्या आतले गिऱ्हाईक सर्वांत चांगले. दूरच्या माणसाचा वाहतुकीवरच मोठा खर्च होतो, म्हणून तो भाव पाडतो. जवळचा माणूस सकाळी येऊन औजार चालवून पाहतो आणि आपल्याच ट्रॅक्टरला जोडून नेतो. शिवाय उद्या काही बोलाचाली झाली तर दोघांच्या ओळखीचा एखादा पाहुणा मध्ये असतोच.

फोटो काढण्यापूर्वी औजार पाण्याने धुवावे, पण रंग देऊ नये. नव्या रंगाखाली काहीतरी लपविले आहे असाच समज होतो, आणि तो पुष्कळदा खरा असतो. फोटो सकाळच्या उन्हात काढावेत. एक संपूर्ण औजाराचा, एक झिजणाऱ्या भागाचा व एक कंपनीच्या पट्टीचा. मोटारीच्या पट्टीवर अश्वशक्ती व फेज वाचता आली पाहिजे. मोटार किती वेळा रिवाइंडिंग केली, हे जाहिरातीतच लिहावे. ठिबकच्या नळ्या असतील तर नळीचा व्यास, दोन ड्रिपरमधील अंतर, किती हंगाम वापरल्या आणि उंदीर-खारींनी कुरतडल्या आहेत काय, हे लिहावे. क्षारांनी तोंडे बंद झाली असतील तर आधी आम्लप्रक्रिया करून घ्यावी. तसेच विकल्यास घेणाऱ्याच्या शेतात निम्मे पीक कोरडे राहील आणि तो आपले नाव काढील.

आम्ही रोटाव्हेटरची जाहिरात अशी लिहिली होती : "पाच फुटी रोटाव्हेटर, ३६ पाती, खरेदी २०१६, पावती आहे. पाती निम्मी झिजली आहेत, बदलावी लागतील. गिअरबॉक्समधून तेल पाझरते, सील बदलावे लागेल. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर चालविला. ट्रॅक्टर घेऊन आल्यास आमच्या शेतात चालवून पाहता येईल. किंमत ४८ हजार." तेलाचे लिहू नको, असे वडिलांचे म्हणणे होते. मी लिहिले. चार दिवसांत वीसेक फोन आले. त्यांतले निम्मे "शेवटचं किती?" एवढे विचारून बंद झाले. त्यांच्यावर रागावू नये, बाजार म्हटला की हे चालायचेच. पाचव्या दिवशी अठरा किलोमीटरवरील एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले, दोन तास्या मारून पाहिल्या आणि बेचाळीस हजारांना रोटाव्हेटर घेऊन गेले. सील आणि पात्यांचा खर्च ते घरूनच धरून आले होते, म्हणून त्यावर घासाघीस झालीच नाही.

किंमत ठरविताना आपण किती पैसे मोजले होते हे विसरावे आणि आज नवे औजार केवढ्याला मिळते ते दुकानात विचारून यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व बहुतेक शेती औजारांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. नवे स्वस्त झाले की जुन्याचा भावही उतरतो. ही गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असते, विकणाऱ्यालाही असावी. हंगामाचे भान तर ठेवलेच पाहिजे. मळणी यंत्राची जाहिरात सोयाबीन काढणीच्या महिनाभर आधी द्यावी, रोटाव्हेटरची उन्हाळ्यात. काढणी संपल्यावर मळणी यंत्राला कोण विचारतो? अनुदानावर घेतलेले औजार असल्यास अर्जासोबत दिलेले हमीपत्र काढून वाचावे. त्यात जी मुदत असेल ती संपेपर्यंत विकू नये. उरलेली कीटकनाशके मात्र या बाजारात मुळीच ठेवू नयेत, परवान्याशिवाय त्यांची विक्री हा कायद्याने गुन्हा आहे.

माझ्या विषयातले एक येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. उसात २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप दुसऱ्याला विकताना ते स्पष्ट सांगावे. हे तणनाशक टाकीत व नळीत चिकटून राहते, साध्या पाण्याने निघत नाही. त्याचा अल्पसा अंशही कपाशी व द्राक्षाला बाधतो. कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली दिसू लागतात आणि शेतकरी रोग समजून औषधे मारत बसतो. पाच-सातशे रुपयांच्या जुन्या पंपापायी दुसऱ्याची एकरभर कपाशी जाऊ शकते. असा पंप तणनाशकासाठीच विकावा आणि त्यावर रंगाने तसे लिहूनही द्यावे.

आता पैशांचे. येथे मी स्वतः फसलो, ते सांगतो. रोटाव्हेटरच्या आधी आमची तीन अश्वशक्तीची मोटार मी जाहिरातीत टाकली होती. दहाव्या मिनिटाला फोन आला. समोरचा माणूस हिंदीतून बोलत होता. आपण सैन्यात आहोत, छावणीसाठी मोटार हवी आहे, गाडी पाठवतो, असे त्याने सांगितले. मोटार पाहिली नाही, भाव केला नाही. तेव्हाच शंका यावयास हवी होती. पण मनासारखा भाव मिळाला की शंका झोपते. त्याने व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडचा चौकोन पाठविला, "हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील." मी स्कॅन केला, पिन दाबला, आणि माझ्याच खात्यातून साडेचार हजार रुपये गेले. मी कृषी शाखेचा पदव्युत्तर, रोज वर्गात साठ मुलांना शिकवतो! लाजेने ही गोष्ट घरी सांगितली नाही आणि तक्रार केली ती दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत रक्कम पुढे निघून गेली होती. ती मला परत मिळाली नाही.

म्हणून पक्के ध्यानात ठेवावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही आणि काही स्कॅनही करावे लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. सैन्याचे नाव सांगणारे हे लोक खरे जवान नसतात, आपल्या मनातील आदराचा ते फायदा घेतात. "चुकून जास्त पैसे पाठवले, परत करा" असा फोन आला तर संदेशावर न जाता खात्यातील शिल्लक पाहावी. वाहतुकीचे किंवा नोंदणीचे पैसे आधी मागणाऱ्याला नमस्कार करावा. आणि फसगत झालीच तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करावा. माझ्यासारखी रात्र घालवू नये. पैसे पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वी कळविले तर ते अडवता येण्याचा संभव असतो.

ट्रॅक्टरची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तेथे साडेचार हजारांवर भागत नाही. आमच्या परिचयातील एका बागायतदारांनी जुना ट्रॅक्टर मुद्रांक कागदावर लिहून देऊन विकला. घेणाऱ्याने तो वर्षभरात तिसऱ्याला दिला. नाव कोणीच बदलले नाही. पुढे अपघात झाला आणि नोटीस आली ती या बागायतदारांच्या घरी. पुस्तकावर त्यांचेच नाव होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की, वाहन विकले असले तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. केवळ मुद्रांक कागद त्यातून वाचवीत नाही.

यासाठी मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला विक्री कळवावयाची असते. नमुना २९ व नमुना ३० यांवर सह्या होतात. बँकेचा बोजा असल्यास प्रथम कर्ज फेडल्याचा दाखला व नमुना ३५ घेऊन तो उतरवावा. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, तिचे नावही स्वतंत्र बदलावे लागते, हे हटकून राहून जाते. मी तर म्हणेन, ठरलेल्या रकमेपैकी काही भाग घेणाऱ्याने नाव बदलेपर्यंत राखून ठेवला तरी विकणाऱ्याने वाईट मानू नये. त्यामुळे दोघांचीही पावले कार्यालयाकडे वळतात. ट्रॅक्टर ताब्यात देताना तारीख आणि वेळ घालून पावती करावी, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

गिऱ्हाईक घरी बोलवावे ते दिवसा, आणि घरात दुसरे माणूस असताना. व्यवहार झाला की जाहिरात काढून टाकावी. आमची काढायची राहिली आणि दीड महिना रोटाव्हेटरसाठी फोन येत राहिले. जाहिरातीत नंबर वडिलांचा होता. सुरुवातीला ते वैतागले. मग येणाऱ्या प्रत्येकाला, ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा, जमीन भारी की हलकी, असे विचारू लागले आणि कोणाकडे कोणते औजार पडून आहे ते सांगू लागले. परवा घरी गेलो तेव्हा शेजारच्या काकांचे पेरणी यंत्र धुऊन उन्हात उभे केलेले होते आणि वडील मोबाईल आडवा धरून मला विचारत होते, वाकलेल्या फणाचा फोटो वेगळा काढायचा ना?