विंडोज नव्याने टाकली आणि वायफाय गायब

संगणकावर विंडोज नव्याने टाकली की कधीकधी वायफायचं चिन्हच दिसत नाही. लगेच नवा अडॅप्टर विकत आणू नका. बहुतेकदा जुना शाबूत असतो. त्याला चालवणारा ड्रायव्हर तेवढा पुसला गेलेला असतो. अडचण अशी, की ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेटच बंद! इथे अँड्रॉइड फोन फार कामाला येतो. तो केबलने संगणकाला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा आणि विंडोज अपडेट चालवा. पुष्कळदा ड्रायव्हर आपोआप उतरतो.

नाहीच उतरला, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळी खूण असलेल्या नेटवर्क कंट्रोलरच्या प्रॉपर्टीजमध्ये, डिटेल्सखाली हार्डवेअर आयडी सापडतो. आतल्या कार्डाच्या आयडीत ‘व्हेन’नंतर ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०ईसी असेल तर रिअलटेकची. ड्रायव्हर मात्र लॅपटॉप कंपनीच्याच संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक टाकून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर शोधून देतो’ म्हणणारी अनोळखी सॉफ्टवेअर कृपया टाळा. त्यांच्याबरोबर नको ते प्रोग्राम संगणकात शिरतात.

लिनक्सवाल्यांचा त्रास मात्र थोडा हलका झालाय. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या लिनक्स प्रणालीपासून अनेक वायफाय कार्डांचं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालायला लागणारं सॉफ्टवेअर, अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळतं.