इशारा म्हणजे निघायची वेळ



रोहा तालुक्यातल्या नागोठण्याला अंबा नदीची इशारा पातळी 8 मीटर आहे, धोका पातळी 9 मीटर. मधला एक मीटर चढेपर्यंतचाच वेळ आपल्या हातात असतो. 24 जुलै 1989 च्या पुरात याच अंबेकाठी जांभुळपाड्यात अनेकांचे जीव गेले, नागोठणेही बुडाले. पुढे पेणकडे धरमतर खाडीला भरती असली, की पुराचं पाणी तुंबतं. म्हणून भरतीची वेळही बघून ठेवा.

8 मीटरचा निरोप आला, की म्हातारी माणसं, बाळंतिणी, आजारी यांना आधी हलवा. मशिदीच्या स्पीकरवरून मराठीत सांगा. आवाज न पोचणाऱ्या वाडीवर माणूस पाठवा.

कोणत्या घरी कोण जाणार, हे आज उठण्याआधी ठरवूया.