विषय नसलेले दोन तास

(भुसावळ येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



काल दिवसभर आपण पोटगीचे अर्ज, पोलीस ठाण्यातले अनुभव आणि रेशन कार्डे यांवर बोललो. आज मला एका चित्रकर्तीबद्दल बोलायचे आहे, तीही अमूर्त चित्रे काढणाऱ्या. कार्यक्रमपत्रिका पाहून एक-दोघींनी मला विचारलेच, "ताई, हे आपल्या कामाचं आहे का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देते. आधी तिची ओळख करून देते.

तिचे नाव नसरीन मोहमदी. जन्म १९३७चा, कराचीचा. आई ती लहान असतानाच गेली. वडिलांचा व्यवसाय बहरीनमध्ये होता. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. १९५४ मध्ये नसरीन लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिकायला गेली आणि १९६१ ते १९६३ या काळात पॅरिसला राहिली. तुमच्या मनात येईल, की ही पैसेवाल्या घरची मुलगी. बरोबर आहे. तिला शिक्षण मिळाले, प्रवास मिळाला, आणि पुढे स्वतःचा पगारही. यातले काहीच नसते तर तिचे नाव आज आपल्याला माहीत असते का? नसतेच बहुधा. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

मुंबईत वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या नावाची संस्था होती. चित्रकार, नाटकवाले, संगीतकार एकाच आवारात काम करत. नसरीन तिथे काम करू लागली. नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या चाळीत वाढलेले वासुदेव गायतोंडेही तिथेच होते. अमूर्त चित्रकलेतले हे फार मोठे नाव, आणि नसरीनला त्यांच्याबद्दल मोठा आदर होता.

सुरुवातीच्या तिच्या चित्रांत झाड, पाणी, वाळू ओळखू येते. शाईचे पातळ थर, त्यातून एखादी फांदी. मग हळूहळू फांदी गेली, रंग गेला, कॅनव्हासही मागे पडला. सत्तरच्या दशकात उरली ती कागदावरची रेषा. वास्तुशिल्पी नकाशे काढायला जी साधने वापरतात, ती घेऊन ती काम करू लागली. आधी आडव्या-उभ्या रेषांची बारीक जाळी. मग जाळी मोडून तिरप्या रेषा. ऐंशीच्या दशकात तर मोकळ्या पांढऱ्या कागदावर चारदोन त्रिकोण, एखादी कमान, जणू हवेत सोडलेली. चित्रांना तिने नावे दिली नाहीत, बहुतेकांवर तारीखही घातली नाही.

"रेषाच आहेत, यात काय पाहायचं?" असे वाटेल. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. तिच्या चित्रांची पुस्तकातली छायाचित्रे बघून मी पुस्तक मिटून ठेवले होते. नंतर एका संध्याकाळी आपल्या स्टेशनच्या पुलावर गाडीची वाट बघत उभी होते. खाली यार्डातले रूळ एकमेकांजवळ येत होते, लांब जात होते. वर विजेच्या तारा. तेवढ्यात ती चित्रे आठवली. त्या पुलावरून मी किती वर्षे जात होते, पण हातात पिशवी, मनात घरी पोचल्यावरच्या स्वयंपाकाचा हिशेब. रूळ कधी पाहिलेच नव्हते. केळीच्या पानाच्या शिरा आपल्यापैकी कितीजणींच्या हाताखालून रोज जातात. मधल्या दांड्यापासून सारख्या अंतराने निघालेल्या त्या तिरप्या रेषा. त्या निवांत पाहायला मजुरीच्या दिवसात वेळ कुठे असतो?

नसरीन असेच पाहत असे. तिने फोटोही काढले: मागावर ताणलेले धागे, रस्ते, फत्तेपूर सिक्रीचे चौक, किनाऱ्यावरची वाळू. हे फोटो तिने हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. ते तिच्या पाहण्यासाठी होते.

१९७२ पासून ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला शिकवू लागली. लग्न केले नाही. मोकळी खोली, खाली बसून काम करायचे बुटके मेज, एवढाच संसार. गायतोंडेही दिल्लीत निजामुद्दीनला असेच एकटे राहिले. पुरुष एकटा राहून काम करतो, तेव्हा आपण त्याला ऋषी म्हणतो. बाई तशी राहिली, की तिचं काय बिनसलं होतं, याची चौकशी सुरू होते. चळवळीतल्या आपणही यातून सुटलेल्या नाही.

आणि आणखी एक. ऐंशीच्या दशकात बायकांचे जगणे चित्रांत येऊ लागले होते. नलिनी मलानी, अर्पिता सिंह, नीलिमा शेख, माधवी पारेख या चौघींनी १९८७ ते १९८९ या काळात एकत्र प्रदर्शने केली. आपल्याला ती चित्रे जवळची वाटतात, कारण त्यांत बाई दिसते. नसरीनच्या चित्रात बाई दिसत नाही, दुःख दिसत नाही, घोषणा तर नाहीच. मग ती आपली नव्हे का? मला वाटते, बाईने बाईबद्दलच बोलले पाहिजे ही अटसुद्धा एक चौकटच आहे.

तिच्या शेवटच्या वर्षांबद्दल सांगायला हवे. तिला मज्जासंस्थेचा आजार होता. हातापायांवरचा ताबा हळूहळू सुटत गेला. ज्या कामात रेघ केसभर हलली तरी कागद वाया जातो, त्या कामात हात ऐकेनासा झाला. तरी ती बसत राहिली, आणि त्याच वर्षांतल्या रेषा सर्वांत मोकळ्या आहेत. १९९० च्या मे महिन्यात अलिबागजवळ किहीमला ती गेली. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. मोठी दखल नंतर घेतली गेली: २०१३ मध्ये दिल्लीत, २०१५ मध्ये माद्रिदला, २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तिची मोठी प्रदर्शने भरवली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात काम करता करता रचत गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी उतरवून ठेवले म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघाले. आपण अभिमानाने सांगतो, की बघा, कामातूनही बाई निर्माण करते. खरे आहे. पण ज्यांचे कोणी उतरवून ठेवले नाही, त्या किती गेल्या? कामातून उरलेल्या वेळेत जमले तर बघ, हे बाईला किती दिवस सांगणार? नसरीनकडे वेळ, खोली आणि पगार होता. ती तिची लबाडी नव्हे. ते थोडक्या बायकांपुरतेच राहिले, ही तक्रार आहे.

गेल्या वर्षी आमच्या सल्ला केंद्रात मी सुचवले होते, की आठवड्यातून एका दुपारी दोन तास खोली मोकळी ठेवू. कागद, पेन्सिली ठेवू. शिवणकाम नाही, पापड नाही, माहितीसत्र नाही. बैठकीत प्रश्न आला, "याचा अहवालात निष्कर्ष काय लिहायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तो विषय मागे पडला. त्याच सुमारास केंद्रात येणारी एक बाई म्हणाली होती, "ताई, घरात माझं म्हणावं असं एक फळकूटसुद्धा नाही." तिच्या अर्जात हे लिहायला रकाना नव्हता.

म्हणून तीच सूचना आज पुन्हा मांडते. मारहाण थांबवणे, पोटगी मिळवणे हे आपण करतच राहू, त्यात कुचराई नको. पण ते सगळे कशासाठी, तर तिला तिचा वेळ मिळावा म्हणून ना? मग त्या वेळेत ती काय करते, याचा हिशेब तिच्याकडे मागायचा नाही. प्रत्येकीने आपल्या केंद्रात विषय नसलेले दोन तास सुरू करावेत. कोणी रेघा ओढेल, कोणी नुसती बसेल, कोणी झोपेलही. चालेल. सहा महिन्यांनी आपण पुन्हा भेटू, तेव्हा कोणाला जमले, कोणाला नाही आणि का नाही, ते बोलू. माझे म्हणणे पटले नसेल, तर आत्ताच सांगा. वाद घालायला मी तयार आहे.