नदीकाठी माशीचा गळ

भगिनींनो, नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावी बाई नदीकडे निघाली, की तिच्या काखेत धुणे असेल नाही तर डोक्यावर घागर, असे आपण धरूनच चालतो. काही काम नसताना ती गळाची काठी घेऊन पाण्याशी उभी राहिली, तर चार माणसे वळून बघतील. म्हणूनच आज ह्या काठीविषयी बोलायचे आहे.

मासे धरणे आपल्याकडच्या बायकांना नवे नाही. उथळ ओढ्यात टोपलीने मासे धरणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. पण तो पोटाचा उद्योग झाला. ‘फ्लाय फिशिंग’, म्हणजे माशीचा गळ, हा छंद आहे. यात गांडूळ नको, कणकेची गोळी नको. कोंबडीचे पीस आणि दोरा गुंडाळून गळालाच माशीचे रूप द्यायचे. अशी माशी हलकी. नुसती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन ठेवलेले असते दोरीत. काठी मागे न्यावी, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे, मग काठी पुढे आणून थांबवावी. घाई केली, की दोरीचा गुंता झालाच म्हणून समजा.

तेव्हा दंडात बळ किती, याला फारसे महत्त्व नाही. वेळ साधली पाहिजे. स्कॉटलंडमधल्या डेव्हरन नदीत १९२४ साली क्लेमेंटिना मॉरिसन या बाईंनी माशीच्या गळावर ६१ पौंडांचा सामन मासा काढला. अमेरिकेच्या जोन वुल्फ यांनी १९५१ साली पुरुषांशी सामना देऊन लांब फेकीची स्पर्धा जिंकली, आणि १९६० साली १६१ फुटांची फेक केली.

सुरुवात मात्र नदीवर करू नये. कापणी झालेल्या मोकळ्या शेतात, गळ न लावता, दोरीच्या टोकाला लोकरीचा रंगीत गोंडा बांधून रोज पंधरा मिनिटे सराव करावा. नऊ फुटांची हलकी काठी पुरते. पदर किंवा ओढणी घट्ट खोचावी, कारण मागे जाणारा गळ आधी तिलाच धरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

मग पाणी निवडावे. तापीवर प्रकाशे आणि सारंगखेडे येथे बंधारे आहेत. त्यांचे दरवाजे उघडले, की खाली पाणी झपाट्याने चढते. तिथे उभे राहू नये. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका पुष्कळदा मच्छीमार सोसायटीकडे असतो. आधी परवानगी विचारावी. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, त्या दिवसांत गळ घरीच ठेवावा.

मासा लागला तर? महसीर आता नर्मदेत पूर्वीसारखा राहिलेला नाही. तो लागला तर हात ओले करून गळ सोडवावा आणि त्याला पाण्यात जाऊ द्यावे. घरचे विचारतील, “मग गेलीस कशाला?” तेव्हा सरळ सांगावे, “मला आवडते म्हणून.” पुरुषाने पारावर दोन तास घालवले तर त्याचा हिशेब कोणी मागत नाही, नदीकाठच्या आपल्या एका तासाचाही मागू नये. पहिल्या दिवशी एखाद्या मैत्रिणीला बरोबर न्यावे. दोघी असल्या म्हणजे बघणाऱ्यांची भीड कमी वाटते, आणि पाठीमागे अडकलेला गळ सोडवायलाही कोणीतरी असते.