रिकामी खोली आणि तांब्याभर पाणी

सांगली-साताऱ्याच्या घरमालकांशी आज दोन शब्द बोलायचेत. थोडा कान धरणार आहे, राग मानू नका.

आपल्याकडं खोल्या रिकाम्या होतात त्या नेमक्या नको त्या वेळी. विश्रामबागेत विलिंग्डनची, वालचंदची पोरं परीक्षा आटोपली की गाद्या गुंडाळून गावी जातात. नवी पोरं प्रवेशाच्या फेऱ्या उरकून येईपर्यंत गणपती जवळ आलेले असतात. साताऱ्यात सदर बझार, गोडोलीकडं बदलीवाले नोकरदारही उन्हाळ्याअखेरच जागा सोडतात. मधले महिने भर पावसाचे. आणि मालक काय करतात? कुलूप लावतात!

ऊस तुटून गेल्यावर रान असं सोडता का हो तुम्ही? नांगरता, उन्हात तापू देता, ढेकळं फोडून शेणखत टाकता, मगच पुढची लागण. खोडवा ठेवायचा म्हटलं तरी बुडखे छाटावे लागतात. तसंच, जुनाच भाडेकरू पुढं राहणार असला तरी मध्ये एकदा नळ, वायरिंग बघून घ्यावं. पण खोलीच्या बाबतीत आपण नांगरट न करताच लागण करतो आणि पीक चांगलं येत नाही म्हणून भाडेकरूला बोल लावतो.

तर माझं मुख्य सांगणं एवढंच. आठवड्यातून एकदा खोली उघडा आणि न्हाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. बेसिनमध्येही थोडं ओता. जाळीखाली ट्रॅपमध्ये जे पाणी साठून राहतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. वापर थांबला की ते आटत जातं. मग खोली बघायला आलेलं माणूस दारातच नाक मुरडतं, आणि मालक अगरबत्ती लावतो. अगरबत्ती नको, पाणी ओता! खिडक्या उघडा, पंखा लावा, कपाटांची दारं सताड ठेवा. वरची टाकी मात्र रिकामी, कोरडी. तिच्यात पाणी उघडं राहिलं तर डेंगीचे डास होतात.

आता भिंती. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, ते सांगलीकरांना सांगायला नको. पाणी ओसरल्यावर दिवाळीच्या आत खोली लागावी म्हणून कित्येकांनी ओल्या भिंतींवर रंग मारून घेतला. भिंत वरून कोरडी दिसते, आतल्या विटा ओल्याच असतात. पुढं कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाला फुगे आले, पापुद्रे सुटले, खाली पांढरं मीठ फुललं. फुगलेला गिलावा खरवडून काढा, भिंत वाळू द्या, मग रंग. एका महिन्याचं भाडं बुडेल, बुडू दे. तेवढ्यात दर आठवड्याला पाणी ओतायला जाणं होतंच, विसरू नका.

समोरून खूण झाली, म्हणजे आवरायला हवं. जुना भाडेकरू किल्ली देईल त्याच दिवशी विजेच्या मीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या करा. डिपॉझिटची भांडणं निम्मी तिथंच मिटतात. आणि नवा करार नोंदवा. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं जे सगळे सांगतात, ते साफ... बरं, ते पुन्हा कधीतरी.