परका मुलूख आपलासा कसा होतो?

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी पूर्वजांचे स्मरण करण्याचा शिरस्ता आहे. आज आम्ही अशा एका पुरुषाचे स्मरण करणार आहोत, की ज्याने आपला वऱ्हाड प्रांत कधी डोळ्यांनी पाहिला नाही. तथापि परमुलुखात परका म्हणून राहून त्या मुलुखावर प्रीती कशी जडते, हे ज्याच्या चरित्रात स्पष्ट दिसते. ते म्हणजे येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९ च्या एप्रिलात ते लिस्बनहून निघाले व २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. वाटेत हिरड्या सुजण्याच्या रोगाने जहाजावरील कित्येक माणसे दगावली. गोव्यात राज्य पोर्तुगीजांचे, लोकांची बोली कोकणी, पुराणांची भाषा मराठी. म्हणजे हा इंग्रज मनुष्य राज्यकर्त्यांतही परका आणि रयतेतही परका.

काळही सुखाचा नव्हता. साष्टीत देवळे पाडली गेली होती व लोकांची मने पोळली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे येशूसंघाचे पाच जण मारले गेले. पुढे गावच्या पुढाऱ्यांनाही सूडापोटी ठार करण्यात आले. त्याच वर्षी आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात मात्र स्टीफन्स इकडील भाषांची वाखाणणी करतात. त्यांचे उच्चार कानास बरे वाटतात व त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी जुळते, असे ते कळवितात. ज्या मातीत आपले सोबती पडले, त्याच मातीच्या बोलीत त्यांना गोडी सापडली, ही गोष्ट लहान नव्हे.

ही गोडी एका दिवसात आली नाही. ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले ते १६१६ साली, म्हणजे आगमनानंतर ३७ वर्षांनी. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत निघाला. परंतु त्याचा छंद आपल्या ज्ञानदेव-एकनाथांचा आहे. त्यात मराठीची थोरवी गाताना कवीने फुलांतील मोगरी, परिमळातील कस्तुरी व पक्ष्यांतील मयूर आठवले. इंग्लंडातील उपमा त्यांना शोधाव्या लागल्या नाहीत. १६१९ साली गोव्याच्याच भूमीत त्यांनी देह ठेवला.

तथापि एका पुरुषाच्या प्रीतीने राज्याचा जुलूम पुसला जात नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून, लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्माविले. मुलूख तोच, परंतु एक परका शिष्य होऊन राहिला, तर दुसऱ्या परक्याने गुरुपणाचा हुकूम सोडला. त्या भूमीची माया कोणास लाभली, हे सांगावयास नको.

बंधूंनो, ही कथा आपल्या अंगणापर्यंत येते. सव्हॉय प्रांतातून आलेल्या फ्रेंचभाषी धर्मगुरूंनी १८४६ च्या सुमारास नागपूर भागात कार्य आरंभिले. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली झाला व आपला यवतमाळ जिल्हा त्यात आला. आज केरळातून किंवा झारखंडातून येणाऱ्या भगिनीसही आपला उन्हाळा, आपली जवारीची भाकर व आपली बोली प्रथम परकीच असते. तो भात, ती भाकर आणि ते वरण, हा भेद तिला कोणत्या नियमाने कळावा? तिच्या चुकीस आपण हसलो, तर ती बोलणेच सोडील. आणि बोलणे सुटले की गोडी लागण्याची वाटच खुंटली.

शिवाय परके केवळ बाहेरूनच येतात असे नाही. ह्याच जिल्ह्यात कोलामी, गोंडी व बंजारा बोली नांदतात. कोलामांच्या पोडावर आपण मराठी बोलत गेलो, की तेथे परके आपणच. तेथील चार शब्द शिकण्याची तसदी आपल्यापैकी कितीजणांनी घेतली आहे?

आता आपली मुलेही दूरदेशी जात आहेत. जाणाऱ्याने शिष्य व्हावे आणि ज्याच्या दारी कोणी येईल, त्याने हसे न करता शब्द पुरवावा. महोत्सवाच्या ह्या मंगल दिनी एवढा निश्चय आपण केला, तर शेजारच्या घरापासूनच त्याचा आरंभ करता येईल.