फसलेली मांडणी



'घरातील छंद' या विषयावर चार शब्द बोला, अशी सेक्रेटरीबाईंनी मला आज्ञा केली. भरतकाम-विणकामावर बोलणाऱ्या माझ्याहून जाणत्या भगिनी येथे पुष्कळ आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली. आणि मी बोलणार आहे लोखंडावर, तेही फसलेल्या कामाविषयी. हसू नका, ऐकून घ्या.

आमचा थोरला कचेरीत नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी लोखंड जोडण्याचा त्याला नाद. मित्राकडून वेल्डिंगचे मशीन आणून त्याने स्वयंपाकघरासाठी मांडणी करायला घेतली. चार फूट उंच, अडीच फूट रुंद. दोन रविवार खपला. रंग दिल्यावर दिसलीही झकास. पण पितळी डबे चढवताच ती डुगडुगू लागली आणि खालचा एक सांधा कटकन सुटला. हे म्हणाले, "मशीन परत कर आणि हे भंगारात घाल." पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. मी म्हटले, भंगारवाला कुठे पळून जात नाही, आधी कुठे बिघडले ते तर पाहू.

फीत लावली. समोरासमोरचे कोपरे तिरके मोजले, तर एक माप दुसऱ्याहून पाऊण इंच जास्त. जोडताना तर त्याने गुण्या लावला होता! मग मला माहेरचा लोहार आठवला. बैलगाडीच्या चाकावर तो लोखंडी धाव लाल तापवून चढवी आणि वरून पाणी ओती. थंड होताना धाव आकसे आणि लाकूड करकचून धरी. येथेही तेच झाले होते. एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापले तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. वेल्डिंगच्या जागी तर लोखंड वितळते, म्हणजे १५०० अंशांच्या वर जाते. निवताना तो सांधा आपल्याकडे ओढून घेतो. मुलाने एक कोपरा पुरता भरला, मग दुसरा, मग तिसरा. चौकट ओढली जाणारच. आपण पोलके शिवताना आधी कच्चा धावदोरा घालतो ना? तसे चारी कोपऱ्यांना आधी छोटे टाके द्यायचे, तिरके माप घ्यायचे, आणि मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने थोडे थोडे भरायचे.

सुटलेला सांधा करवतीने कापवला. वरून गुळगुळीत, आत काळी रेघ. वरच्यावर लोखंड सांडले होते, मुळात शिरलेच नव्हते. वर रंग, मग कळणार कसे?

आता जरा काळजीची गोष्ट. पाइप पांढरा चकचकीत होता, म्हणजे वर जस्ताचा थर. जस्त ९०७ अंशांना उकळते. लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी त्याचा पांढरा धूर होतो. दुसऱ्या रविवारी पाऊस म्हणून पोराने दार लावून काम केले. रात्री तोंडाला गोडसर चव, अंगात हुडहुडी, ताप. शेजारच्या काकूंनी दूध पाजायला सांगितले. पाजले, पण दूध जाते पोटात आणि धूर जातो छातीत! डॉक्टर म्हणाले, हा ताप जस्ताच्या धुराचा, एक-दोन दिवसांत उतरेल. मात्र दम लागला तर घरी थांबू नका. ताप उतरला, पण यांचा राग काही उतरेना, आणि या बाबतीत मी त्यांना नावे ठेवणार नाही. ज्यांच्या घरी मुले असे काम करतात त्यांनी बिनजस्ताचा काळा पाइपच आणायला लावावा आणि काम मोकळ्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने येईल असे उभे राहून करू द्यावे. डोळ्यांना काळी काच हवीच. साधा गॉगल चालत नाही. लहान मुलांनी लांबूनही त्या उजेडाकडे पाहू नये, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे रात्रभर खुपते.

मशीन परत गेले नाही. यांनी अट घातली: आधी भंगारातल्या तुकड्यांवर सांधे करायचे, कापून आम्हा दोघांना दाखवायचे, मग नवी मांडणी. आतापर्यंत अकरा तुकडे दाखवून झाले. शेवटच्या तिघांत काळी रेघ नव्हती. जुन्या मांडणीचा सुटलेला पाय कापून टाकला आहे; ती भिंतीला टेकवून परसात कुंड्यांसाठी ठेवली आहे.